धुतलेल्या खोळी

"अगं बाई! हे एका ओळीत कुणाकुणाला निजवलंय?"

विहीणबाई जिना चढून आल्या आणि उंबऱ्यातच थिजल्या. पदराचा बोळा तोंडावर, डोळे बशीएवढे. खोलीत जमिनीवर माणसाच्या उंचीच्या वीसेक चौकटी आडव्या मांडल्या होत्या. प्रत्येकीला पांढऱ्या मांजरपाटाची खोळ, डोक्याशी आणि पायाशी नाड्यांच्या गाठी. त्यांनी म्हटल्यावर मलाही ते तसंच दिसायला लागलं, ही गोष्ट वेगळी. पण विहिणीचं म्हणणं पहिल्या फटक्यात कबूल करायची आमच्यात रीत नाही.

"निजवलं नाही, विहीणबाई. ह्या उभ्या करायच्यात. भिंतींना लावायच्यात," मी म्हटलं.

"भिंतीला? कोरं पांढरं कापड? आणि तेही पितृपंधरवड्यात?"

"मंडपाचा धंदा आहे आमचा. पितृपंधरवड्यात कुणी मांडव घालत नाही, म्हणून तर मला सवड. तुमच्यासाठी पितरांना पुढची तारीख द्यायची का?"

"आणि खाली वखार! गावातल्या सरणाची लाकडं इथनंच जातात. वर ही अशी ओळ. लोक म्हणतील, घाऊक सोय केली."

विहीणबाईंच्या तोंडून चांगलं वाक्य वर्षाकाठी एखादंच निघतं. त्या वर्षाचं ते निघालं.

ह्या विहीणबाई म्हणजे माझ्या वासंतीच्या सासूबाई, अनसूयाबाई. कराडात त्यांचं लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचं दुकान आणि आमचं मंडपाचं. आमच्या मांडवात त्यांचे कर्णे बांधले जायचे, त्यातनंच सोयरीक जुळली. साऱ्या गावाला आवाज पुरवणाऱ्या या घराचा एक नियम होता. घरातल्या बाईनं माइकसमोर उभं राहायचं नाही. म्हणजे कोणाही ऐऱ्यागैऱ्याला ह्यांचा माइक भाड्यानं मिळेल, तो त्यात खोकेल, शिंकेल, हरवलेल्या पोरांची नावं पुकारेल. घरच्या सुनेनं मात्र त्याच्याकडे पाठ करून भाकऱ्या थापायच्या.

आणि सून कोण, तर माझी वासंती. लग्नाआधी गणपतीच्या मेळ्यात ती गायला लागली की रस्त्यावरची माणसं सायकलवरनं पाय टेकून उभी राहायची. लग्न झालं आणि तिचं गाणं स्वयंपाकघरात गेलं. साथीला कुकरची शिटी.

जावई, जयसिंगराव, माणूस सोन्यासारखा. दिवसभर दुसऱ्यांचा आवाज मोठा करायचा आणि आईसमोर आपला बारीक करायचा, एवढाच काय तो दोष. पण बायकोच्या गळ्याची किंमत त्यांना होती. आवाज भरायचा स्टुडिओ काढायचा, देवीच्या गाण्यांची कॅसेट करायची आणि वासंतीनं गायची, असं त्यांनी मनात घेतलं. आईच्या मागं लागून लागून शेवटी एवढं पदरात पाडून घेतलं: "चार भिंतींच्या आत, आपल्या माणसांसमोर, म्हणू दे काय म्हणायचं ते. पण खोली झाली तर. नाही झाली तर हा विषय पुन्हा माझ्या कानावर घालायचा नाही."

म्हणजे खोली झाली तर गाणं, नाही तर कुकर. एवढा साधा मामला होता.

खोली मिळाली मावजीभाई पटेलांच्या वखारीवर. रात्रंदिवस ढोलकी वाजणार म्हटल्यावर बाकीच्या घरमालकांनी दाराआडूनच हात जोडले होते. मावजीभाईंना ढोलकीचं काही नव्हतं, त्यांच्या कानाशी दिवसभर करवत चालायची. त्यांना भीती होती ती दुसरीच.

"आक्काबेन," ते मला म्हणाले, "खाली माझा सागवान, वर तुमचा कापड. मधे एक विडी पडली तर माझी वखार आणि तुमची पोरगी, दोन्ही गेली. बुधवारी मी येतो. मला पायजे ती खोळ काढतो, काडी लावतो. नाही पेटली, चावी तुमची. पेटली तर जय श्रीकृष्ण."

माणूस बरोबर बोलला. स्टुडिओच्या भिंतींना कापड कशाला, ते जावयांनी मला समजावलं होतं. उघड्या भिंतीवर आवाज आपटतो, परत येतो आणि गाण्यात घोळ करतो. म्हणून लाकडी चौकटीत काचेची लोकर भरायची, वरनं कापड ताणायचं, मग भिंत आवाज गिळते, परत देत नाही. मी म्हटलं, अशी एक खोली प्रत्येक सासरी पाहिजे. जावई हसले नाहीत.

लोकर जळत नाही, जळतं ते कापड आणि मागोमाग चौकट. आणि न पेटणारं कापड करणं हे माझं काम. आमच्या मांडवात समया, उदबत्त्या, आचाऱ्याच्या भट्ट्या, दारू उडवणारे नवऱ्याचे मित्र, सगळं असतं. तेव्हा कापड आधी औषधातून काढायचं. औषध म्हणजे काय, टाकणखार आणि बोरिक पावडर, तीच ती कॅरमच्या बोर्डावर टाकतात ती. कोमट पाण्यात विरघळवायची, कापड बुडवायचं, न पिळता वाळवायचं. मग त्याला विस्तव लावला तर काळं पडतं, पण ज्वाळ धरत नाही. फक्त पाण्याशी त्याचं वैर. एकदा धुतलं की सगळं औषध मोरीत.

खोळी मी नाडीच्या शिवल्या. जावई म्हणत होते, कापड खिळ्यांनी पक्कं ठोकू. मी म्हटलं, आमच्यात जे बांधतात ते सोडता आलं पाहिजे, खिळा मारलेलं कापड दुसऱ्या लग्नाला चालत नाही.

तर त्या दिवशी विहीणबाई आत आल्या, वाकल्या आणि एका खोळीला त्यांनी दोन बोटं लावली.

"खरखरीत लागतंय. काय चोपडलंय हे?"

"औषध."

"कसलं औषध?"

आता हा प्रश्न त्यांनी नाक न मुरडता विचारला असता तर मी तसं उत्तर दिलं असतं.

"ढेकणांचं," मी म्हटलं. "तुमच्या दुकानातली खोकी इथं यायची आहेत. त्यांच्याबरोबर जे येतील, त्यांचा आधीच बंदोबस्त."

विहीणबाई तडक जिना उतरून गेल्या. मी दिवसभर खूश होते.

बुधवारी सकाळी मी काड्यापेटी घेऊन गेले, मावजीभाईंच्या आधी आपणच एक कोपरा लावून बघावा म्हणून. जयसिंगराव आणि वासंती मिरजेहून आवाज भरायचं मशीन घेऊन आदल्या संध्याकाळी आले होते. जावयांनी चौकटी उभ्या करून भिंतींना लावल्याही होत्या. विहीणबाई स्टुलावर बसल्या होत्या. खोली दिसत होती पांढरी फेक, किंचित निळसर.

निळसर?

मी जवळच्या खोळीवरनं हात फिरवला. खरखर नाही. कापड गुळगुळीत, कडक, पापडासारखं. नाक लावलं तर साबणाचा वास.

"हे कुणी केलं?"

"मी," विहीणबाई म्हणाल्या आणि मान ताठ केली. "सगळ्या खोळी सोडल्या, धुतल्या, निळीतनं काढल्या, भाताची खळ दिली आणि परत बांधल्या. तुमच्यासारखा कारखाना नाही आमचा, पण धुतलेलं कसं असतं ते बघून घ्या."

माझ्या हातातली काड्यापेटी तिथंच राहिली. जयसिंगरावांच्या चेहऱ्याचा रंग खोळीसारखा झाला. "आई, अगं त्यात आग न लागायचं औषध होतं!"

"मला काय म्हाईत? ह्याच म्हणाल्या ढेकणाचं आहे म्हणून! माझी सून ढेकणाच्या औषधात श्वास घेत गाणार?"

क्वचित होतं, पण उत्तर सुचलं नाही की मी आवाज चढवते.

"मुद्दाम केलंत! खोली होऊ नये म्हणून केलंत! तुम्हाला तिचं गाणं नकोच होतं!"

"आक्का," वासंती म्हणाली. तोवर ती कोपऱ्यात मशीनच्या वायरी गुंडाळत होती. "तू भांडून कापडात औषध परत जाणार आहे का?"

"मुद्दाम?" विहीणबाई उठल्या. "मुद्दाम करायचं तर गप्प घरी बसले असते! कोरं पांढरं कापड कधी वापरतात ते तुम्हाला सांगायला पाहिजे? पोरगी इतक्या वर्षांनी तोंड उघडणार, ती मढ्याच्या कापडात? माझ्या घरची सून? मोलकरीण म्हणाली, मी असल्या कापडाला शिवणार नाही. मग कोण करणार होतं? तुम्ही?"

बोलता बोलता त्या हात खाजवत होत्या. तेव्हा कुठं माझं लक्ष गेलं. कोपरापर्यंत दोन्ही हात लालभडक, बारीक पुरळ उठलेला. काचेच्या लोकरीला उघडा हात लागला की असंच होतं. आम्ही पोत्याचे हातमोजे घालून लोकर भरली होती. नखांच्या कडा निळीनं निळ्या. या बाईनं लग्नानंतर स्वतःचं लुगडंही स्वतः धुतलं नसेल. वीस खोळी, त्याही एकटीनं.

मी काड्यापेटी कमरेला खोचली.

"एक राहिलीय," जयसिंगराव हळूच म्हणाले. ते भिंतीभिंतीनं हात फिरवत दारामागच्या चौकटीपर्यंत पोचले होते. "मामी, ही खरखरीत आहे. हिचं औषध गेलेलं नाही."

"साबण संपला," विहीणबाई म्हणाल्या.

"मग मावजीभाईंना हीच दाखवू," जावई म्हणाले. "काढून हातात देऊ. ते काडी लावतील, पेटणार नाही, चावी घेऊ. मग सावकाश बाकीच्यांना औषध लावू."

"ते म्हणाले मला पाहिजे ती काढीन," मी म्हटलं.

"बोलण्यात गुंतवू. तुम्ही आहातच की."

म्हणजे माझ्या जिभेचा उपयोग जावयांना असा सुचला. मी वासंतीकडे बघितलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. तिला ती चावी किती हवी होती, ते तिच्या वायर गुंडाळणाऱ्या बोटांवरनं कळत होतं. तीच वायर ती तिसऱ्यांदा गुंडाळत होती.

"जयसिंगराव," मी म्हटलं, "दार लावून, खिडक्या बुजवून, ह्या चार भिंतींच्या आत कोण उभं राहणार?"

त्यांनी त्या खरखरीत खोळीवरचा हात काढला.

"माझी लेक. आणि सावकाश औषध लावू म्हणणारा माणूस कधी लावतो ते मला माहीत आहे. मी मांडववाली आहे."

जिन्यावर मावजीभाईंच्या चपला वाजल्या.

ते आत आले, सगळ्यांना रामराम केला आणि खोली बघून खूश झाले. "वा! एकदम इस्पितळासारखा झालाय." मग डोळे बारीक करून भिंतींवरनं नजर फिरवली आणि समोरच्या चौकटीकडे बोट केलं. "ही."

"काडी तुम्ही लावू नका," मी म्हटलं. "मी लावते. मागच्या गच्चीत चला. पाण्याची बादली घ्या, जयसिंगराव."

"मामी..." जावई म्हणाले.

"बादली."

मी खोळ सोडली, गच्चीत नेली, मधोमध टाकली आणि कोपऱ्याला काडी लावली. विहीणबाईंच्या हातची ती स्वच्छ, कडक खोळ अशी पेटली की मला मागं सरावं लागलं. ज्वाळ माझ्या छातीएवढी. जयसिंगरावांनी बादली ओतली, चुर्र झालं, उरली ती काळी चिंधी.

मावजीभाईंनी चपलेच्या टोकानं ती चिंधी उलटी केली. मग खिशात हात घालून चावी आहे का ते चाचपलं, आत आहे म्हटल्यावर हात बाहेर काढला.

"औषध लावलं होतं, मावजीभाई," मी म्हटलं. "पण खोळी नंतर धुतल्या गेल्या. औषध वाहून गेलं. आजच्या दिवसात परत लावते."

"कोणी धुतल्या?"

"त्यानं काय फरक पडतो?"

"फरक पडतो, आक्काबेन." ते शांतपणे म्हणाले, आणि त्या माणसाचं शांत बोलणं मला कधी आवडत नसे, कारण त्यात तोडायला काही सापडत नसे. "कापड लावणाऱ्याच्या हातनं चूक झाली तर ठीक आहे, चूक दुरुस्त होते, तो उद्या निघून जातो. पण इथं राहणाऱ्या घरातल्या माणसानं धुतला, तर तो दिवाळीला परत धुणार. पाडव्याला परत धुणार. मी रोज वर येऊन काडी लावू? तसं असेल तर नाही जमणार. सांगा, कोणी धुतल्या?"

विहीणबाई दारात उभ्या होत्या. दोन्ही हात पदराखाली घेतलेले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या बाईला खाली बघताना पाहिलं.

आता माझ्याबद्दल गावात काय बोलतात ते मला माहीत आहे. आक्कानं ज्याच्यापुढं चूक कबूल केली असा एक माणूस दाखवा, असं आमच्या दुकानातले गडी पैज लावून विचारतात. माझा नवरा गेला तोही वाट बघून गेला.

"मी धुतल्या," मी म्हटलं.

वासंती दारापर्यंत आली होती, ती तिथंच थांबली.

"तुम्ही?" मावजीभाई म्हणाले. "मांडववाल्या बाईनं?"

"वय झालं. पांढरं कापड बघितलं, मळकं वाटलं, धुतलं. औषधाचं डोक्यातनं गेलं."

माझी अपेक्षा एवढीच होती की विहीणबाई गप्प राहतील. पण गप्प राहतील त्या विहीणबाई कसल्या. त्यांनी मान वर केली. एक पाऊल पुढं आल्या. पदरातनं एक हात बाहेर काढला, खाजवला, परत आत घेतला.

"मी सांगत होते त्यांना," त्या मावजीभाईंना म्हणाल्या. "म्हटलं, विहीणबाई, नका धुऊ. औषध असंल त्यात. पण ऐकतात कुणाचं?"

मी जीभ चावली. खरोखरची. रक्ताची चव आली.

"एवढी साधी गोष्ट कळू नये," विहीणबाई पुढं म्हणाल्या. त्यांना आता वाट सापडली होती. "पण तुम्ही काळजी करू नका, भाऊ. आजपासनं मी आहे इथं. माझ्या डोळ्यांदेखत परत औषध लावून घेते. पुढं कुणी पाण्याचा तांब्या घेऊन ह्या जिन्यावर चढलं तर बघते मी."

मावजीभाईंनी आळीपाळीनं आमच्याकडे बघितलं. मग म्हणाले, "ह्या बेन आहेत तर बरं आहे. दिवेलागणीला येतो. परत काडी लावतो."

ते गेल्यावर मी विहीणबाईंकडे वळले. बोलायला पुष्कळ होतं. पण त्या आधीच खोळींच्या नाड्या सोडायला लागल्या होत्या.

"उभ्या काय राहिलात? ऊन जाईल," त्या म्हणाल्या.

वखारीच्या मागं विहीर होती. तिथं आम्ही मांडवाच्या जेवणावळीचं मोठं घंगाळ आणवलं, तीन दगडांवर ठेवलं, पाणी कोमट केलं. सरपणाला वखारीतल्या ढलप्या होत्याच. मी टाकणखार आणि बोरिक पावडर ओतली. विहीणबाई बांबूनं ढवळायला बसल्या. मी म्हटलं, हात झोंबतील, सरका. म्हणाल्या, "तुमच्यावर सोडलं तर परत काहीतरी कराल." आणि हे त्या मला म्हणाल्या, वासंतीसमोर, जयसिंगरावांसमोर. जयसिंगराव विहिरीत बघत होते. वासंतीनं तोंडात पदर कोंबला होता.

"आणि पांढरं नकोच," विहीणबाई ढवळता ढवळता म्हणाल्या. "धुतलं तरी पांढरं ते पांढरंच. हळदीचं बोट तरी लावायला पाहिजे."

"बोट लावा. वाळल्यावर."

"बोटानं वीस खोळींना कधी लावणार?" आणि मी नको म्हणेपर्यंत त्यांनी कमरेची पुरचुंडी सोडली आणि सगळी हळद घंगाळात उपडी केली.

मी तोंड उघडलं, आणि उघडंच राहिलं. पिवळं पाणी बघता बघता तांबूस झालं, मग विटकरी, आणि बांबू फिरेल तसतसा त्यात लाल रंग चढत गेला. कुंकवासारखा.

विहीणबाईंच्या हातातला बांबू थांबला.

"आई अंबाबाई," त्या पुटपुटल्या. बांबू सोडून दोन्ही हात जोडले. सुजलेले, लाल, पुरळ उठलेले हात. "बघितलंत? बघितलंत विहीणबाई? हळद टाकली, कुंकू झालं!"

माझी सासू घरी कुंकू करायची. हळकुंडं टाकणखारात मुरवायची, लिंबू पिळायची, वाळवून कुटायची. टाकणखारात हळद पडली की लाल होते हे मला नवी नवरी होते तेव्हापासनं ठाऊक. आता विकतच्या डबीतलं कुंकू लावणाऱ्यांना ते कुठनं कळणार? एक वाक्य पुरलं असतं. आणि सकाळपासनं मला एक वाक्य कुठं तरी ठेवायचंच होतं.

विहीणबाई वासंतीकडे वळल्या. "तिचीच इच्छा दिसते, बाई. तिला तुझ्या तोंडनं ऐकायचंय. मी कोण आडवी येणारी?"

वासंतीनं माझ्याकडे बघितलं. आजीच्या कुंकवाला लिंबं तीच पिळायची, तिलाही माहीत होतं. मी खोळ उचलली आणि घंगाळात बुडवली.

"ढवळा," मी विहीणबाईंना म्हटलं. "थांबू नका. देवी खोळंबलीय."

खोळी वाळल्या त्या कुठं पिवळ्या, कुठं केशरी, कुठं विटकरी. एकीसारखी एक नाही. दिवेलागणीला मावजीभाई आले, भिंतींकडे बघून म्हणाले, "हा काय होळी खेळला काय?" मग त्यांनी स्वतःला पाहिजे ती खोळ निवडली, ती नाही म्हणून दुसरी निवडली, गच्चीत नेली, काडी लावली. कोपरा काळा पडला. धूर आला. ज्वाळ काही धरेना. त्यांनी दुसरी काडी लावली, तिसरी लावली. शेवटी काळ्या कोपऱ्यावर बोट दाबून बघितलं आणि मान हलवली.

चावी मी हात पुढं केला होता त्याच्या शेजारून गेली आणि विहीणबाईंच्या हातात पडली.

"तुम्ही ठेवा, बेन. तुमचं लक्ष आहे."

विहीणबाईंनी चावी पदराला बांधली. गाठ मारताना माझ्याकडे अशा दयेनं बघितलं, की घरी जाऊन मी कोणाशी बोलले नाही.

घटस्थापनेला पहिलं गाणं भरायचं ठरलं. खोलीत मधोमध माइक, बाजूला ढोलकीवाला. काचेपलीकडं मशीनपाशी जयसिंगराव. विहीणबाई आणि मी दाराशी पाटावर. चावी विहीणबाईंच्या कमरेला, कारण दार उघडायचं, लावायचं, आत कोण येणार आणि कोण नाही, हे सगळं आता त्यांच्या हातात होतं. सकाळी शेजारच्या दोन बायका बघायला आल्या, तर त्यांना चपला, बांगड्या आणि तोंड, तिन्ही बाहेर ठेवून या म्हणाल्या.

जयसिंगरावांनी काचेतनं हात वर केला. मशीन सुरू झालं. ढोलकी वाजली, थांबली. वासंती उभीच.

परत हात वर झाला. परत ढोलकी. वासंतीनं तोंड उघडलं, एक शब्द म्हटला आणि थांबली.

"काय झालं?" मी विचारलं.

"आवाज जातोच नुसता," ती म्हणाली. "काही परत येत नाही. कुणी ऐकतंय की नाही तेच कळत नाही मला." आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आक्का, विसरले असेन मी. राहू दे."

मी उठणार, त्याच्या आत विहीणबाई उठल्या. तरातरा चालत गेल्या. ज्या बाईच्या घरात बायका माइकसमोर उभ्या राहत नव्हत्या, ती बाई वासंतीला कोपरानं बाजूला सारून माइकसमोर उभी राहिली आणि अख्ख्या कराडाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली:

"अगं, गा की! तुझ्या आईनं खोळी धुऊन बट्ट्याबोळ केला, तो मी निस्तरला, तो काय तू मुकी उभी राहावीस म्हणून? कोण ऐकतंय म्हणे! मी ऐकतेय! काय हो विहीणबाई, बरोबर आहे का नाही?"

काचेपलीकडं जयसिंगराव हात हलवत होते, मशीन चालू आहे, मशीन चालू आहे. कोणी बघितलंच नाही.

"बरोबर आहे," मी म्हटलं. "माझंच चुकलं."

वासंतीनं माझ्याकडे बघितलं. मग सासूकडे. मग तिला हसू फुटलं. ती वाकून हसली, पदर तोंडाला लावून हसली, आणि हसता हसता कुठं तिचा सूर लागला ते तिचं तिलाही कळलं नसेल. ढोलकीवाल्यानं धावत तिला गाठलं.

ते गाणं नंतर नीट परत भरलं. कॅसेटवर गेलं ते तेच. पण पहिली टेप जयसिंगरावांनी पुसली नाही. अजून कुणी पाहुणं आलं की ती लावतात. आधी विहीणबाईंचा आरडाओरडा, मग माझे तेवढे शब्द, मग वासंतीचं हसू, आणि हसू संपायच्या आत गाणं.

मी दर वेळी म्हणते, "सुरुवातीचं ते कापून टाका की. गाण्याशी त्याचा काय संबंध?"

विहीणबाई दर वेळी म्हणतात, "राहू दे. पुरावा आहे."